‘नाजूक छाती’ची घराणी

थळ घाट चढून वर आले म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला घोटीची बाजारपेठ लागते. भात, तांदळाच्या गिरण्या आणि मुरमुऱ्यांच्या भट्ट्या यांसाठी ती नाशिक जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. परंतु आषाढ-श्रावणात, जेव्हा इगतपुरी तालुक्याच्या वाट्याला येणारा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसातला बराचसा काही आठवड्यांतच कोसळून जातो, अंगणातले सरपण ओले होते, दारे-खिडक्या दिवसचे दिवस मिटलेल्या राहतात आणि सारे घर चुलीभोवती एकवटते, तेव्हा या गावाचा आणि त्याभोवतीच्या वाड्यापाड्यांचा एक निराळाच वृत्तांत दवाखान्यांच्या ओट्यांवर वाचावयास मिळतो. कुंचीत गुंडाळलेली तान्ही मुले, त्यांच्या छातीतली घुरघुर, नाकपुड्यांची फडफड आणि श्वासागणिक बरगड्यांखाली पडणारे खळगे, ज्याला आपल्या आयाबाया ‘पोट उडणे’ म्हणतात, ही या ऋतूची ठरलेली हजेरी होय.

यातला एक प्रश्न मात्र फार जुना आहे. एकाच आळीतली, एकाच महिन्याच्या अंतराने जन्मलेली दोन मुले; दोघांनाही तेच पडसे, त्याच विषाणूचे; तरी एक मूल चार दिवस शिंकून मोकळे होते आणि दुसऱ्याला पाचव्या दिवशी प्राणवायू लावावा लागतो, असे का? घरातील वडीलधाऱ्यांचा निवाडा तयार असतो: “यांच्या घरात पोरांची छाती नाजूकच; याच्या बापालाही लहानपणी असंच व्हायचं.” हा निवाडा खोटा नाही, आणि पुराही नाही. घराण्यात जे चालत आलेले दिसते त्यातले किती रक्तातून आलेले असते आणि किती त्या घरातील चुलीतून, ताटातून व मातेच्या कष्टांतून, याची फोड केल्यावाचून आपण त्या मुलाविषयी काहीच जाणत नाही, असे माझे मत आहे. आणि सुदैवाने ही फोड करण्याची साधने गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी आपल्या हाती दिली आहेत.

प्रथम रक्ताचा विचार करू. रोगजंतूंनी होणाऱ्या व्याधीत आनुवंशिकतेचा संबंध तो काय, असे वरकरणी वाटते. जंतू बाहेरून येतो, तो कोणाच्या वारसाहक्काने येत नाही. पण १९८८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी, १९२०च्या दशकात दत्तक दिल्या गेलेल्या ९६० व्यक्तींची सरकारी दप्तरे धुंडाळून एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली: ज्यांचे जन्मदाते आई अथवा बाप पन्नाशीच्या आत जंतुसंसर्गाने मृत्यू पावले होते, त्या मुलांना, ती परक्या घरी वाढलेली असूनही, संसर्गानेच मरण येण्याचा धोका इतरांच्या मानाने पाच पटींहून अधिक होता, आणि दत्तक घेणाऱ्या आईबापांच्या अशा मृत्यूचा मात्र तसा परिणाम आढळला नाही. जंतू बाहेरचा असला तरी त्याला थोपविणारी सेना आईबापांकडून मिळालेली असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

यावरून सर्व भार रक्तावर टाकून मोकळे होण्याची घाई मात्र कोणी करू नये. घोटीच्या परिसरातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. आवणीच्या वेळी भाताचे रोप पिवळे, खुरटे निघाले तर तो नुसते बियाणे वाईट म्हणत नाही. राब, म्हणजे रोपे वाढविण्याची जागा, नीट भाजला होता का, रोपाला वेळेवर पाणी लाभले का, हेही तो पाहतो, कारण एकाच पोत्यातले बी दोन राबांत टाकले तर दोन तऱ्हेची रोपे निघतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. जुळ्या मुलांच्या अभ्यासाने अगदी हेच मोजले. तान्ह्या मुलांच्या छातीच्या विकारांत अग्रभागी असलेला आरएसव्ही नावाचा विषाणू घेऊन डेन्मार्कमधीलच बारा हजारांहून अधिक जुळ्या जोड्यांची रुग्णालयीन नोंद २००८ मध्ये तपासण्यात आली. एकबीज जुळ्यांपैकी एकाला रुग्णालयात न्यावे लागले तर दुसऱ्यालाही न्यावे लागण्याचा संभव द्विबीज जुळ्यांपेक्षा अधिक निघाला, म्हणजे रक्ताचा वाटा सिद्ध झाला. पण तो वाटा सुमारे १६ टक्के होता आणि दोघांना सामायिक असलेल्या परिस्थितीचा सुमारे ७३ टक्के. त्या सामायिक परिस्थितीत घर येते, घरातली माणसे येतात, आणि एक असे स्थानही येते जे प्रत्येक जुळ्या जोडीने जन्माआधी वाटून घेतलेले असते: मातेचे उदर.

तथापि रक्ताचा वाटा सरासरीने लहान असला तरी काही मुलांच्या बाबतीत तोच सर्वस्व ठरतो. १९५२ साली ऑग्डन ब्रूटन या अमेरिकन लष्करी वैद्याने आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हा मुलगा न्यूमोनियाच्या जंतूंनी पुनःपुन्हा मरणाच्या दारी जात होता. रक्ताची तपासणी केली तेव्हा त्यात गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात आपली प्रतिपिंडे असतात तो अंश, औषधालाही नव्हता. दरमहा हा अंश टोचून देऊ लागताच मुलाचे आजार थांबले. पुढे १९९३ मध्ये या दोषाचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर सापडले. म्हणूनच हा विकार बहुधा मातेकडून येतो आणि जवळजवळ मुलग्यांतच प्रकटतो. यातली विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की असे बालक जन्मतः धडधाकट दिसते आणि सहा महिन्यांचे होईतो बहुधा आजारी पडत नाही, कारण तोवर ते आईने उदरातच दिलेल्या प्रतिपिंडांवर जगत असते. ज्या मुलाला वर्षात दोन वेळा न्यूमोनिया होतो, ज्याचे कान वारंवार वाहतात, ज्याच्या मामाचा अथवा मावसभावाचा लहानपणीच ‘छाती भरून’ अंत झालेला आहे, त्याच्या बाबतीत घराण्याचा दाखला देऊन स्वस्थ न बसता मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तपासणी करविणे अगत्याचे आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हाही असाच वारसा. एका जनुकातील एका अक्षराचा फेरफार. त्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, प्लीहा पहिल्या काही वर्षांतच निकामी होते आणि न्यूमोनियाच्या जंतूला रान मोकळे मिळते.

या ठळक विकारांच्या खालोखाल सौम्य उणिवा असतात, ज्या अनेकांत असतात आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत. रक्तातील एक प्रथिन जंतूंच्या कवचावरील शर्करा ओळखून त्यांना चिकटते. त्याची कमतरता असणाऱ्या मुलांचा अभ्यास ग्रीनलंडमधील सिसिमियुत या गावी झाला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मुलांना श्वसनसंसर्गाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. पण त्यातही तो मुख्यतः सहा ते सतरा महिने या वयात दिसला. त्या आधी आईची प्रतिपिंडे पहारा देत असतात, त्यानंतर मुलाची स्वतःची तयार होतात. या दोहोंमधल्या उघड्या कालखंडातच बियाण्यातली उणीव बाहेर पडते. म्हणजे रक्ताचा दोषदेखील केव्हा आणि किती प्रकट व्हावा हे पुष्कळदा मातेच्या देणगीवर अवलंबून असते.

आता उदरातील नऊ महिन्यांकडे वळू. आणि येथे थोडे थांबावयास हवे. चरकाने गर्भाची घटना सांगताना मातृज आणि पितृज अंशांबरोबरच रसज आणि सात्म्यज हे अंश वेगळे मानले, म्हणजे मातेचा आहार आणि तिला मानवणारी राहणी हीही गर्भाची उपादाने ठरविली, हे आपल्याकडील विचाराचे फार मोठे शहाणपण होय. अर्वाचीन गर्भविज्ञान या विचाराला महिनेवार तपशील पुरविते. चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या पुढल्या भिंतीला एक कोंब फुटतो. त्याचे दोन होतात, दोहोंचे आणखी. आणि अशा फांद्या फुटत फुटत सोळा-सतरा आठवड्यांच्या सुमारास हवा वाहून नेणाऱ्या सर्व श्वासनलिकांची मांडणी पुरी होते. यापुढे त्या लांबतील, रुंदावतील, पण नवी फांदी फुटावयाची नाही. पुष्कळशा स्त्रियांच्या गरोदरपणाची जेमतेम नोंद होते त्या वेळी बाळाच्या श्वासनलिकांचा आराखडा कायम झालेला असतो. चोविसाव्या आठवड्याच्या पुढे फुप्फुसाच्या आतील पेशी सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवू लागतात, ज्यावाचून उच्छ्वासानंतर फुप्फुसातले कोश मिटून चिकटून बसतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा श्वास याच पदार्थाच्या अभावी अडकतो हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखविले. खरे वायुकोश तर शेवटच्या महिन्यात तयार होऊ लागतात आणि जन्मानंतरची दोन-तीन वर्षे वेगाने वाढत राहतात.

या बांधकामात कोठे कसर राहिली तर ती पुढे भरून निघते काय? इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दाया आणि आरोग्यसेविका प्रत्येक बालकाचे जन्मवजन व वर्षाचे वजन एका वहीत टिपून ठेवीत. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्या शोधून, त्यांतील बालके साठीच्या घरात आलेली असताना त्यांची फुप्फुसे मोजली, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांची श्वासशक्ती म्हातारपणीही कमी भरली. कोणी म्हणेल की नाजूक मुलांना आजार अधिक झाले आणि आजारांनी फुप्फुसे बिघडली. कारण आणि कार्य यांचा हा घोळ सोडविणे अवघडच होते. तो अमेरिकेतील टूसॉन येथील अभ्यासाने बराचसा सोडविला. तेथे १९८० पासून जन्मलेल्या बालकांपैकी काहींच्या श्वासनलिकांचे माप छातीचा पहिला आजार होण्यापूर्वीच घेऊन ठेवले होते. आणि ज्यांचे माप आधीच कमी होते त्यांनाच पुढे पडशाबरोबर घरघर आणि धाप लागण्याचा त्रास अधिक झाला. नळी मुळातच अरुंद असेल तर थोडीशी सूज आणि थोडासा कफदेखील ती बुजवून टाकतो. पहिल्या पावसाळ्यात कोणाचे पोट उडेल याचा काही अंशी तरी निर्णय त्या पावसाळ्यापूर्वीच झालेला असतो.

फुप्फुसाच्या बांधणीइतकेच महत्त्व त्या देणगीला आहे जिचा वर दोनदा उल्लेख आला. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जाऊ लागतात ती साधारण तेराव्या आठवड्यापासून; परंतु त्यांचा खरा लोंढा वाहतो तो अखेरच्या चार आठवड्यांत, आणि पुऱ्या दिवसांच्या बालकाच्या रक्तात तर ती मातेपेक्षाही अधिक असतात. आपल्याकडे एक समजूत आहे की सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. ती अगदी उलटी आहे; उदरात मिळालेला प्रत्येक आठवडा बालकाच्या फुप्फुसाला आणि प्रतिपिंडांच्या शिबंदीला बळ देणारा असतो. ही देणगी वाढविताही येते. बांगलादेशात गरोदर स्त्रियांना इन्फ्लुएंझाची लस टोचून पाहिली, तेव्हा त्यांच्या बाळांतील इन्फ्लुएंझा ६३ टक्क्यांनी कमी झाला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २०२३ पासून अमेरिका व युरोपात आरएसव्हीची लस गर्भवतीला देऊन बालकाचे रक्षण करण्याचा उपाय मान्य झाला आहे.

घोटीच्या शिवारात ज्याला राब म्हटले त्याचा, म्हणजे आपल्याकडील मातेच्या देहाचा, पोत कसा आहे, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास केला. तेथे जन्मणाऱ्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ते कशाने वाढते याचा शोध घेता असे दिसले की नुसत्या उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध मातेच्या आहारात वारंवार असण्याशी बाळाच्या आकाराचा निकट संबंध होता. आणि जिला गरोदरपणात शेतीची व पाण्याची जड कामे करावी लागत, तिचे बाळ लहान भरत असे. इगतपुरी तालुक्यातील आवणी आठवावी: भर पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून. श्रावण-भाद्रपदात बाळंत होणारी स्त्री आषाढात त्या खाचरात असते, म्हणजे नेमके त्या आठवड्यांत, जेव्हा वायुकोश घडत असतात आणि प्रतिपिंडांचा लोंढा वाहत असतो. त्यात बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल या भीतीने शेवटच्या महिन्यांत हात आखडून जेवण्याची प्रथा पुष्कळ घरांत अद्याप आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात ज्या स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून नंतरपर्यंत अ जीवनसत्त्व नियमित मिळाले, त्यांच्या मुलांची फुप्फुसे नऊ ते तेरा वर्षांच्या वयातही इतरांहून सरस भरली, असे २०१० मध्ये दिसून आले. ज्या डोंगरउतारावर पहिल्या पावसाबरोबर टाकळा आणि कुर्डू उगवतो, ज्या परसात शेवगा उभा आहे, तेथे हे जीवनसत्त्व दुर्मिळ म्हणता येत नाही. गर्भवतीच्या ताटात मात्र ते शेवटी, सर्वांचे जेवण झाल्यावर, उरले तर पडते.

मशेरीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. बाई विडी ओढत नाही म्हणून तिचे बाळ तंबाखूपासून मुक्त आहे असे आपण मानतो. पण भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळ-संध्याकाळ दातांना लावणाऱ्या स्त्रीच्या रक्तातून निकोटिन वारेपर्यंत जातेच. मुंबईतील बाराशे गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, मशेरीसारखा धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात अधिक होती. चुलीच्या धुराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. घाना देशातील एका अभ्यासात, गरोदरपणी ज्या मातांच्या श्वासात चुलीचा कार्बन मोनॉक्साइड अधिक गेला त्यांच्या बालकांची फुप्फुसे महिन्याच्या वयातच उणी आढळली. उलट भारतासह (येथे तामिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवतींपैकी निम्म्यांना गॅस पुरवून जो मोठा प्रयोग झाला, त्यात घरातला धूर खूप घटूनही जन्मवजनात वा तान्ह्या मुलांच्या तीव्र न्यूमोनियात लक्षणीय फरक पडला नाही. या निष्कर्षाने धूर निर्दोष ठरत नाही. गॅस आला तो गर्भ नऊ ते वीस आठवड्यांचा झाल्यावर. तोवर मातेची वीस-पंचवीस वर्षे धुरात गेलेली होती आणि बाळाच्या श्वासनलिकांच्या बऱ्याच फांद्या फुटून चुकल्या होत्या. एक गोष्ट मात्र निःसंशय टाळण्याजोगी आहे. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकशेगडी पेटवून ओवा, बाळंतशेपा यांची धुरी तान्ह्याला देण्याची आपली चाल मायेपोटी आली आहे, पण ज्या फुप्फुसाचे वायुकोश अजून घडत आहेत त्याला तो धूर जाचक होतो. उबेसाठी आईचे अंग आणि कोरडे कापड पुरेसे असते.

दुबळे राहिलेले मूल तरीही वाचविता येते, हे महाराष्ट्रानेच जगाला दाखविले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८८ मध्ये गडचिरोलीच्या खेड्यांत निरक्षर सुइणींच्या हाती मण्यांचे साधे श्वासगणक दिले, श्वास मोजावयास आणि औषध द्यावयास शिकविले. आणि त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही खाली आले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले तर पोटावर डाग देण्यात अथवा काढा पाजण्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. आणि जे मूल अडीच किलोच्या आत किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मले असेल त्याच्यासाठी इतकीही वाट पाहू नये. मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या संस्थेने घरोघर जाऊन केलेल्या अभ्यासात आरएसव्हीने होणारे मृत्यू आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच, आणि पुष्कळदा रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर, घडत असल्याचे आढळले आहे.

‘घराण्याची नाजूक छाती’ हा शब्दप्रयोग आता निराळ्या रीतीने वाचता येतो. मुलगी आईच्या उदरात असतानाच तिच्या सर्व स्त्रीबीजांची निर्मिती होऊन जाते; म्हणजे आज घोटीच्या एखाद्या पाड्यावर जन्मणाऱ्या बालकाचे अर्धे बीज त्याच्या आजीच्या उदरात, आजीच्या ताटावर आणि तिच्या चुलीच्या धुरात घडलेले आहे. खुरटलेल्या मातेच्या पोटी हलके बाळ आणि त्या बाळाच्या पोटी पुन्हा हलके बाळ, ही परंपरा तीन पिढ्या चालली तर ती रक्तासारखीच दिसते. तिच्यात जनुकाचा दोष मात्र कणभरही असेलच असे नाही. आदिवासी क्षेत्रातील गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केली, ती या परंपरेवर योग्य ठिकाणी घाव घालणारी आहे. पण गर्भारपणाचे आरंभीचे महिने उलटल्यावर तिचे ताट वाढले जाते, आणि श्वासनलिकांची मांडणी तर त्या महिन्यांतच पुरी होत आलेली असते. म्हणून ते ताट गर्भाची नोंद होईल त्याच दिवसापासून मिळावे, आणि त्याही आधी आश्रमशाळेत व कन्याशाळेत शिकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींच्या रक्तातील लोह तपासून ते भरून काढण्याचे काम आरोग्य खात्याने आवणीइतक्याच निकडीचे मानावे, अशी माझी मागणी आहे.